रात्री घातलेली प्लेट सकाळी उशीखाली: ट्विन ब्लॉक वारंवार निघत असेल तर कारण कसे शोधावे

खालचा जबडा मागे राहिलेल्या आणि त्यामुळे वरचे दात पुढे दिसणाऱ्या मुलाला ट्विन ब्लॉकसारखी काढता-घालता येणारी प्लेट दिली, की पहिल्या पंधरवड्यात दुखणे, लाळ सुटणे आणि बोबडे बोलणे या तक्रारी येतात व बहुतेक वेळा आपोआप मिटतात. पुन्हा पुन्हा येत राहते ती वेगळीच तक्रार: रात्री तोंडात घालून झोपलेल्या मुलाची प्लेट सकाळी उशीखाली, पांघरुणात नाहीतर पलंग आणि भिंत यांच्या फटीत सापडते. पालक दवाखान्यात येतात, तारा आवळून घेतल्या जातात, चार-आठ दिवस बरे जातात आणि मग पुन्हा फोन येतो, "डॉक्टर, परत ढिली झालीय बघा." गडहिंग्लज, राधानगरी किंवा गगनबावड्याहून एसटीने कोल्हापूरला येणाऱ्या कुटुंबाची अशा प्रत्येक फेरीत मुलाची शाळा आणि एकाची मजुरी किंवा रजा बुडते, त्यामुळे तीन-चार फेऱ्यांनंतर उपचार अर्धवट सुटतो तो मुख्यतः या दमछाकीमुळे.

एवढ्या वर्षांच्या कामानंतर माझे मत पक्के झाले आहे, की प्लेट का निघते हे ठरल्याशिवाय तिच्या तारा आवळू नयेत. निघणाऱ्या प्लेटची कारणे निरनिराळी असतात आणि तार सैल होणे हे त्यांतील केवळ एक आहे. बाकीच्या कारणांवर तार आवळली, तर दाढ दुखते, मूल प्लेट आणखी टाळते आणि मूळ अडचण तशीच राहते. शिवाय हे उपकरण वाढीच्या जोरावर काम करणारे असल्याने वाया गेलेले महिने नंतर भरून काढता येत नाहीत.

उपकरणाचे काम थोडक्यात समजून घेतले, तर पुढची तपासणी सोपी जाईल. स्कॉटलंडमधील दंततज्ज्ञ विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये हे उपकरण प्रथम वापरले. वरची आणि खालची अशा दोन स्वतंत्र प्लेटा असतात आणि दोन्हींच्या कडांना अॅक्रिलिकचे ठोकळे असतात. ठोकळ्यांचे उतार साधारण ७० अंशांत एकमेकांना भिडतात आणि मूल तोंड मिटते तेव्हा खालचा ठोकळा वरच्याच्या पुढे सरकून जबडा पुढे आणतो. प्लेट दाढांना पकडून ठेवणारी तार म्हणजे क्लास्प. ती साधारण ०.७ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलची असते. दोन ठोकळे भिडलेले असतात तेवढ्याच वेळेत काम होते. प्लेट डबीत असताना काहीही होत नाही.

घरी करायची पहिली तपासणी

ही तपासणी दिवसा, उजेडात आणि मूल शांत असताना करावी. दोन्ही प्लेटा नीट बसवून मुलाला मोठा "आ" करायला सांगावे, मग दहा-वीस वाक्ये मोठ्याने वाचायला लावावीत. वाचताना किंवा तोंड उघडताना एखादी प्लेट खाली घसरत असेल किंवा जिभेने सहज उचलली जात असेल, तर पकड खरोखरच गेलेली आहे. त्यानंतर प्लेटच्या उजव्या बाजूवर बोटाने हलका दाब द्यावा, मग डाव्या बाजूवर द्यावा. एक बाजू दाबल्यावर दुसरी उचलली जात असेल, म्हणजे प्लेट डुगडुगत असेल, तर ती सैल नसून तिच्याखाली काहीतरी अडते आहे. बहुधा नवा दात वर येत असतो किंवा प्लेटचा आकार बिघडलेला असतो. हे दोन्ही प्रकार नसतील, दिवसभर प्लेट घट्ट बसत असेल आणि फक्त सकाळी बाहेर सापडत असेल, तर तारांकडे पाहूच नये. रात्री तिला मुलाचा स्वतःचा हात बाहेर काढतो आहे, आणि तो का काढतो हे शोधायचे आहे.

प्लेट कुठे सापडते, हेही पाहण्यासारखे असते. एकच भाग गालाजवळ लाळेने ओला सापडणे आणि दोन्ही भाग उशीखाली एकत्र सापडणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात मुलाने झोपेत किंवा अर्धवट जागे होऊन दोन्ही भाग हाताने काढलेले असतात. "मी काढत नाही, आपोआप निघते," असे मूल म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नसते, कारण झोपेत केलेली कृती त्याला आठवत नाही. त्याला रागावल्याने प्लेट तोंडात राहत नाही, फक्त पुढची माहिती मिळणे बंद होते.

दिवसाचे तास कमी पडले की रात्री प्लेट निघते

सर्वांत वारंवार आढळणारे कारण हेच आहे आणि पालकांच्या ते सर्वांत उशिरा लक्षात येते. दात आणि जबड्याभोवतीचे स्नायू सतत मूळ जागेकडे ओढ घेत असतात. शाळेत प्लेट दप्तरात, दुपारी शिकवणीत ती डबीत आणि संध्याकाळी खेळताना कपाटात राहिली, तर रात्री घालताना ती नव्याने आवळल्यासारखी लागते. दाढांवर ताण येतो, जबडा पुढे धरून धरून स्नायू थकतात आणि गाढ झोप लागताच हात आपोआप तोंडाकडे जातो. दिवसभर प्लेट वापरणाऱ्या मुलाला रात्री हा ताण जाणवतच नाही. म्हणजे रात्रीच्या तक्रारीचा उपाय बऱ्याचदा दिवसात असतो.

मुलाला तासांचा हिशेब विचारण्यापेक्षा प्लेटच पाहावी. नियमित वापरलेल्या प्लेटची चकाकी गेलेली असते, ठोकळ्यांच्या उतारावर घासल्याच्या आणि चावल्याच्या खुणा असतात, आतल्या बाजूला किंचित डाग धरलेले असतात. दोन महिन्यांनंतरही लॅबमधून आल्यासारखी लखलखीत दिसणारी प्लेट फार काळ तोंडात राहिलेली नसते. मुलाचे बोलणेही सांगते. दिवसभर प्लेट असणारे मूल दोन आठवड्यांत जवळजवळ स्पष्ट बोलू लागते. दुसऱ्या महिन्यातही प्लेट घालून "स" आणि "श" अडखळत असतील, तर जिभेला सराव झालेला नाही. प्लेट काढल्यावर टाळूवर तिच्या कडेची फिकट रेघ दिसते का, मूल आरशाशिवाय एका झटक्यात ती बसवते का, लाळ गिळण्याची सवय झाली आहे का, एवढ्या गोष्टी पाहिल्या तर प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. काही उपकरणांत तापमान नोंदवणारा बारीक सेन्सरही बसवता येतो आणि त्या नोंदींवरून जगभर एकच गोष्ट दिसली आहे, की मुले सांगितलेल्या तासांपेक्षा बरेच कमी तास प्लेट वापरतात. कोल्हापूरची मुले याला अपवाद असण्याचे कारण नाही आणि त्यात त्यांना दोष देण्यासारखेही काही नाही.

उपाय करताना रात्रीपासून सुरुवात करू नये. पहिला आठवडा शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत प्लेट न काढता ठेवावी आणि या काळात रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचन करावे. दुसऱ्या आठवड्यात शाळेत वापर सुरू करावा. वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवले, तर मुलाला वर्गात उत्तर देताना लाजावे लागत नाही. संध्याकाळी पाच-सहा तास प्लेट सलग आणि विनातक्रार राहू लागली, की रात्रीचा प्रश्न पुष्कळदा न बोलता सुटतो. जेवताना प्लेट ठेवायची की काढायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. क्लार्क यांची मूळ कल्पना जेवतानाही प्लेट ठेवण्याची होती, कारण चावण्याचा जोर उतारांवर पडून जबड्याच्या कामी येतो. तरी पहिले काही दिवस वरण-भात, खिचडी, दुधात भिजवलेली भाकरी यांवरच राहावे. सोललेला ऊस, कडक चिक्की आणि गुळाचा खडा मात्र प्लेट तोंडात असताना कधीही चावू नये. आपल्या भागात गुऱ्हाळे सुरू झाली की तुटलेल्या प्लेटा वाढतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विगो आंद्रेसेन या दंतवैद्याने आपल्या मुलीच्या दातांवरची तार सुट्टीपुरती काढली आणि तिला रात्री घालण्यासाठी एक सैल प्लेट करून दिली. ती परतली तेव्हा दातांची ठेवण सुधारलेली पाहून त्याला आश्चर्य वाटले आणि जबडा पुढे आणणाऱ्या उपकरणांचा मोठा प्रवाह तेथून सुरू झाला. आपल्याकडे मात्र मे महिन्यात आजोळी गेलेल्या मुलाची प्लेट कोल्हापुरातच राहते आणि जूनमध्ये ती तोंडात बसत नाही. सुट्टीत दिवसभर घर असते, शाळेचा संकोच नसतो, त्यामुळे प्लेटची सवय लावायला याहून चांगले दिवस मिळत नाहीत. कपड्यांच्या पिशवीत सर्वांत आधी प्लेटची डबी ठेवावी आणि आजी-आजोबांना तिचा उपयोग फोनवर समजावून सांगावा.

चोंदलेले नाक

पावसाळ्यात तक्रार अचानक वाढली असेल, तर नाकाकडे पाहावे. दोन्ही प्लेटा आणि मधले ठोकळे तोंडातील बरीच जागा घेतात. नाक बंद असलेल्या मुलाला तोंडाने श्वास घेताना गुदमरल्यासारखे होते आणि ते झोपेत प्लेट काढून टाकते. ते त्याच्या दृष्टीने अगदी योग्यच असते. साध्या सर्दीत दोन-तीन रात्री प्लेट नीट राहिली नाही, तर घाबरू नये. त्या दिवसांत जागेपणीचा वापर वाढवावा. परंतु मूल बाराही महिने तोंड उघडे ठेवून झोपत असेल, घोरत असेल, सकाळी ओठ कोरडे पडत असतील, तर नाकामागची अॅडेनॉइडची गाठ वाढलेली असू शकते आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी आवश्यक ठरते. नाक मोकळे झाल्याशिवाय अशा मुलाची प्लेट कितीही आवळली तरी रात्री राहणार नाही.

टोचणारी जागा आणि न भिडणारे ठोकळे

खालच्या प्लेटची कड जिभेच्या बाजूने हिरडीत रुतत असेल, तर दिवसा मूल सहन करते आणि रात्री काढते. आरशात लाल ठिपका किंवा पांढरा व्रण दिसतो. घरी कानस किंवा ब्लेड लावू नये. दवाखान्यात ती कड दोन मिनिटांत घासून मिळते. मात्र येण्याआधी एक दिवस प्लेट घालून यावे, म्हणजे नेमकी जागा दिसते. व्रण बरा व्हावा म्हणून आठ दिवस प्लेट बंद ठेवून आल्यास टोचणारी जागा सापडत नाही आणि प्लेटही बसेनाशी होते.

दुसरा प्रकार कमी आढळतो, पण तो ओळखता आला पाहिजे. मूल तोंड मिटते तेव्हा खालचा ठोकळा वरच्याच्या पुढे न जाता त्याच्या टोकावर टेकत असेल, तर जबडा पुढे येण्याऐवजी तोंड फक्त उघडे राहते. सुरुवातीलाच जबडा फार पुढे धरलेला असल्यास असे घडते. मूल टीव्ही पाहत असताना किंवा अभ्यासात गुंतलेले असताना, त्याच्या नकळत बाजूने पाहावे. सांगितल्यावर प्रत्येक मूल ठोकळे नीट भिडवते. हा दोष आढळल्यास उतार कमी करून जबडा टप्प्याटप्प्याने पुढे आणावा लागतो. यात मुलाचा हट्ट नसतो.

पकड खरोखरच गेली असेल तर

वय १० ते १२ हा दुधाच्या दाढा पडण्याचा काळ आणि ट्विन ब्लॉकचाही काळ, त्यामुळे क्लास्प ज्या दाढेला धरून असते तीच कधीकधी पडते. पडलेल्या जागी येणारी उपदाढ अॅक्रिलिकला खालून ढकलते आणि प्लेट डुगडुगू लागते. अशा वेळी "सगळे दात येऊ द्या, मग बघू" असे म्हणून प्लेट बंद ठेवणे सर्वांत महागात पडते. त्या जागेचे अॅक्रिलिक घासून नव्या दाताला वाट करून देता येते आणि पुढे त्याच दातावर नवी क्लास्प बसवता येते. काही मुलांच्या कायमच्या दाढा पूर्ण वर आलेल्या नसतात आणि तारेला धरायला खाचच मिळत नाही; तेव्हा दाढेवर दाताच्या रंगाच्या मसाल्याचा बारीकसा उंचवटा करून पकड निर्माण करता येते. सारखी आवळूनही दोन दिवसांत सुटणाऱ्या प्लेटसाठी हा पर्याय आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावा.

तार वाकण्याचे कारण बहुधा काढण्याची पद्धत असते. पुढच्या दातांवरच्या तारेला बोट अडकवून किंवा एकाच बाजूने उचलून प्लेट काढली, की क्लास्प दररोज थोडी थोडी उघडते. दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढांजवळील क्लास्पना दोन्ही हातांच्या बोटांची नखे लावून प्लेट एकाच वेळी, सरळ रेषेत काढावी आणि बसवतानाही बोटांनीच दाबून बसवावी. दातांनी चावून "टक्" करून बसवण्याची सवय मुलांना फार आवडते, आणि प्लेट तुटण्याचे ते एक मुख्य कारण आहे. जिभेने प्लेट खालीवर करत राहण्याची सवयही तशीच. कंटाळलेल्या मुलात ती हमखास दिसते. घरच्या पकडीने तार वाकवू नये, कारण पुन्हा पुन्हा वाकवलेले स्टील कडक होऊन मुळाशी तुटते.

उकळते पाणी हे आकार बिघडण्याचे नेहमीचे कारण आहे. निर्जंतुक व्हावी म्हणून प्रेमापोटी प्लेट गरम पाण्यात बुडवली जाते आणि अॅक्रिलिक कायमचे वाकते. साधे पाणी, मऊ ब्रश आणि साधा साबण पुरेसा आहे.

टाळू रुंद करणारा स्क्रू प्लेटमध्ये असेल, तर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. चावीचा पाव फेरा म्हणजे साधारण ०.२ ते ०.२५ मिलिमीटर, प्लेट न वापरता केवळ वेळापत्रकाप्रमाणे चावी फिरवत राहिल्यास प्लेट दातांपेक्षा रुंद होते आणि बसतच नाही. वापर खंडित झाला असेल, तर चावी थांबवून डॉक्टरांना फोन करावा. बाणाच्या दिशेने फिरवून पुढचे छिद्र पूर्ण दिसल्यावरच चावी बाहेर काढावी, आणि काढताना ती मागे येऊ देऊ नये.

खेळाच्या वेळी प्लेट डबीत असावी, खिशात किंवा रुमालात असू नये. पेठांमधील फुटबॉल असो, तालमीतील कुस्ती असो, तोंडावर मार बसण्याची शक्यता असलेल्या खेळात प्लेट काढून माउथगार्ड घालावे. पुढे आलेल्या वरच्या दातांना इतर मुलांच्या दातांपेक्षा इजेचा धोका जास्त असतो. पोहतानाही प्लेट काढावी. रंकाळ्याच्या किंवा पंचगंगेच्या पाण्यात पडलेली पारदर्शक प्लेट सापडत नाही.

किती थांबावे

याचे उत्तर मुलाच्या वाढीवर अवलंबून आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला प्लेट जमत नसेल, तर काही महिने थांबून पुन्हा सुरू करण्यास जागा असते. इतक्या लहान वयातील उपचाराचा मुख्य फायदा पुढच्या दातांची इजा टळण्याचा आहे, जबड्याचा अंतिम परिणाम पुढे किशोरवयात केलेल्या उपचाराइतकाच येतो. परंतु मुलींमध्ये साधारण अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये तेरा-चौदाव्या वर्षी वाढीचा वेग सर्वाधिक असतो, आणि बारा वर्षांच्या मुलीचे सहा महिने उशीखाली गेले तर त्यांची किंमत मोठी असते. वाढीचा टप्पा बाजूने काढलेल्या एक्स-रेमधील मानेच्या मणक्यांवरून ठरवता येतो. पालकांनी तो अंदाज स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावा.

वरील सर्व पाहून, नाक आणि टोचणारी जागा तपासून, दिवसाचा वापर वाढवूनही दोन-तीन महिन्यांत वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधील अंतर कमी होत नसेल, तर तारा आवळण्यासाठी आणखी एक फेरी मारू नये. त्याऐवजी दातांवर पक्के बसवलेले, मुलाला काढता न येणारे उपकरण घेता येईल का, हे विचारावे. त्यातील हर्ब्स्ट हा सर्वांत जुना प्रकार आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत ट्विन ब्लॉक घेतलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांनी उपचार पूर्ण केला नाही, तर हर्ब्स्टमध्ये हे प्रमाण सुमारे तेरा टक्के होते. पक्क्या उपकरणाचा खर्च जास्त येतो आणि ते निखळले वा मोडले तर दुरुस्तीसाठी जास्त फेऱ्या होतात, हे आधीच जाणून घ्यावे. काही कुटुंबांना ते परवडत नाही. अशांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून तासांचे लक्ष्य वास्तवाला धरून ठरवावे, कारण रोज बारा तास खरोखर वापरलेली प्लेट ही कागदावरच्या बावीस तासांपेक्षा अधिक काम करते.

प्लेट मोडलीच, तर दोन्ही तुकडे धुऊन डबीत ठेवून आणावेत. खालची प्लेट बहुधा पुढच्या दातांमागच्या बारीक भागात तुटते आणि ती लॅबमध्ये जोडता येते. फेविक्विक लावलेली प्लेट तोंडात घालू नये आणि तशी जोडून आणूही नये. सांधा एक मिलिमीटरने जरी चुकला तरी प्लेट पुन्हा बसत नाही आणि नवे माप घ्यावे लागते. दुरुस्तीला दिलेल्या दिवसांत एकच भाग शाबूत असेल, तर तो एकटा घालायचा की नाही हे फोनवर विचारून घ्यावे, आणि दुरुस्त प्लेट शक्य तितक्या लवकर ताब्यात घेऊन त्याच संध्याकाळपासून सुरू करावी.